विस्तव कोणाच्या ताब्यात?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील नाताळ-नववर्ष स्नेहसंमेलनात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी मजकूर थोडा नीटनेटका केला आहे.)



सचिवांनी मला परवा जिन्यात गाठलं आणि म्हणाले, "काका, वीस मिनिटं बोला, पण उपयोगाचं बोला." मी काय ते समजलो. बँकेच्या आठवणी नकोत! तरीपण छत्तीस वर्षं ज्या माणसाने बँकेत काढली त्याच्या बोलण्यात बँक थोडी येणारच. तेवढं सांभाळून घ्या.

विषय मीच निवडला. सणाच्या दिवसांत घरात लागणारी आग, आणि ती लागू नये म्हणून आपण काय करायचं. कोणी म्हणेल, आनंदाच्या कार्यक्रमात हे काय अभद्र बोलणं? पण आपल्या आज्या दिवा 'विझवला' असं कधी म्हणत नसत, 'शांत केला' म्हणत. दिवा लावायचा तो नमस्कार करून, आणि झोपण्याआधी त्याची विचारपूस करायची. विस्तवाशी मान ठेवून वागायची ही जुनी रीत आहे. मी तीच आजच्या फ्लॅटच्या भाषेत सांगणार आहे.

आपल्या वसईत सणांचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो तो संक्रांतीपर्यंत संपत नाही. दिवाळीच्या पणत्या झाल्या. आता गॅलऱ्यांमध्ये नाताळचे तारे लागले आहेत, घराघरांत गोठा सजतो आहे. मग एकतीस डिसेंबर. शाळांना सुट्टी, मुंबई-पुण्याहून लेकीसुना आलेल्या, कोणाचे परदेशातले नातेवाईक आलेले. घर भरलेलं असतं. आणि नेमकं याच दिवसांत घरातला विस्तवही वाढतो. एरवी एक गॅस पेटतो, आता दोन-तीन शेगड्या पेटतात. एरवी देवापुढे किंवा क्रुसापुढे एक दिवा, आता खिडकीत, दारात, टेबलावर दिवे आणि मेणबत्त्या. एरवी प्लगला टीव्ही आणि मोबाइल, आता त्यावर रोषणाईच्या माळांवर माळा.

विस्तव वाढतो, माणसंही वाढतात. मग काळजी घेणारेही वाढायला हवेत ना? तसं होत नाही. का होत नाही, ते सांगण्यासाठी आता बँक काढतो.

बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात. एक एका अधिकाऱ्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. एखादा रजेवर जाणार असेल तर किल्ली दुसऱ्याच्या हातात देताना रजिस्टरमध्ये नोंद होते, दोघांच्या सह्या होतात. तिजोरी कोणाच्या ताब्यात आहे याचं उत्तर कुठल्याही क्षणी देता आलं पाहिजे. "इथे एवढी माणसं आहेत, कोणीतरी बघत असेल," हे उत्तर चालत नाही.

आणि घरात? कढईखाली गॅस पेटता ठेवून आपण म्हणतो, "जरा बघ हं, मी आलेच." कोणाला म्हणतो? नावाने कोणालाच नाही. बहिणीला वाटतं वहिनीला सांगितलं, वहिनीला वाटतं आत्याला सांगितलं. घरात एकटी बाई असते तेव्हा तिला पक्कं ठाऊक असतं की गॅस माझ्या ताब्यात आहे. घरात बारा माणसं असली की गॅस कोणाच्याच ताब्यात नसतो. सणाच्या आगीचं मूळ मला तरी इथे दिसतं.

म्हणून आज माझं एकच सांगणं आहे. घरात जो जो विस्तव पेटेल, मग तो गॅस असो, पणती असो, मेणबत्ती असो की विजेची माळ असो, त्याला एक नाव द्या. तो कोणाच्या ताब्यात आहे हे त्या माणसाला माहीत हवं. त्याला उठायचं असेल तर दुसऱ्याला नावाने सांगून, त्याच्याकडून "हो" ऐकून उठायचं. नाहीतर विस्तव शांत करून उठायचं. बाकी सगळं याच्याच पोटात येतं.

आता स्वयंपाकघरात जाऊ. नाताळच्या आधी आपल्याकडे फुगे, करंज्या, कलकल, सगळा तळणीचा मामला. दिवाळीत चकल्या, शेव, अनारसे. तेलाचा स्वभाव बायकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, पण एक गोष्ट पुरुषांनीही लक्षात ठेवावी. तेल तापतं, मग धूर सोडतं. तो धूर ही सूचना असते. तरीही आच चालू राहिली तर पुढे ते आपोआप पेट घेतं, त्याला ठिणगीही लागत नाही. म्हणजे "जाळ तेलाला लागलाच नव्हता, मग पेटलं कसं?" हा प्रश्न चुकीचा आहे. तेलाला फक्त उष्णता आणि वेळ लागतो. आणि वेळ आपण देतो, दारावर पाहुणे आले म्हणून.

पेटलंच तर काय करायचं? पहिलं काम, गॅस बंद. हात पोचत नसेल तर सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा पाइपगॅसचा मुख्य कॉक बंद. दुसरं, कढईवर झाकण. झाकण नसेल तर मोठं ताट किंवा परात, पुढून पाठीमागे सरकवत ठेवायची, म्हणजे ज्वाळा आपल्याकडे येत नाहीत. तिसरं, ती कढई तिथेच राहू द्यायची, पूर्ण थंड होईपर्यंत झाकण उघडून बघायचं नाही. आणि दोन गोष्टी अजिबात नाहीत. पेटती कढई उचलून मोरीकडे पळायचं नाही, आणि तिच्यावर पाणी ओतायचं नाही. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं आणि क्षणात त्याची वाफ होते. एक पेला पाण्याची वाफ होताना ती साधारण सतराशे पेल्यांची जागा मागते. ती वाफ पेटतं तेल घेऊन छतापर्यंत उडते. एका पेल्यापायी सगळं स्वयंपाकघर जातं. म्हणून तळायला बसण्याआधीच कढईच्या मापाचं झाकण शेगडीजवळ काढून ठेवा. पेटल्यावर झाकण शोधत बसायला वेळ नसतो.

गॅसची गळती झाली तर तो वास येतो. एलपीजीला मुळात वास नसतो, आपल्याला कळावं म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून खिडकीबरोबर दारही उघडायचं. पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू मात्र हवेपेक्षा हलका, तो वर छताकडे जातो. दोन्ही बाबतीत विजेचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, कारण दोन्ही वेळा बटणात ठिणगी पडते. एक्झॉस्ट फॅन लावून वास घालवू, हा विचार तर मनातही आणू नका. बाहेर या आणि फोन करा. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा क्रमांक देशभर आहे. शेगडीच्या नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की ती नळी बदलायची, वरून कितीही नवी दिसू दे.

आता विजेकडे. इथे जमलेल्या इंजिनियर मंडळींनी मला माफ करावं, मी बेरीज-वजाबाकीतला माणूस आहे. पण हा हिशेब चौथीतल्या मुलालाही जमतो. आपल्या घरात लहान तीन पिनांचा सॉकेट असतो तो ६ अँपिअरचा. घरातली वीज २३० व्होल्टची. ६ गुणिले २३०, १३८० वॅट. एवढंच त्या सॉकेटचं पासबुकातलं शिल्लक. इस्त्री असते साधारण १००० वॅटची. विजेची किटली १५०० वॅटची. इंडक्शन शेगडी २००० वॅटची. आता पाहुणे आले, एकाच लहान सॉकेटला एक्स्टेन्शन बोर्ड लावला, त्यावर किटली आणि इस्त्री. शिल्लक १३८० आणि काढले २५००! बँक असती तर चेक परत आला असता. वायर चेक परत करत नाही. ती मुकाट्याने तापत राहते, तिचं प्लास्टिक मऊ होतं, आणि एक दिवस ते पेटतं.

चेक परत करणारं यंत्र घरात असतं, त्याला एमसीबी म्हणतात. जास्त प्रवाह गेला की ते पडतं. ते वारंवार पडायला लागलं की काही जण इलेक्ट्रिशियनला सांगतात, "मोठं टाक." हे म्हणजे ओव्हरड्राफ्ट झाला म्हणून हिशेब तपासणाऱ्याचीच बदली करण्यासारखं आहे. एमसीबी पडतं ते आपलं काम करतं म्हणून पडतं. भार कमी करा, त्याला हात लावू नका.

रोषणाईच्या माळा एलईडीच्या घ्या. त्या वीज कमी खातात आणि तापतही कमी. पण एलईडी असली म्हणून माळ आपोआप सुरक्षित होत नाही. गेल्या वर्षी गुंडाळून माळ्यावर टाकलेली माळ बाहेर काढली की आधी दिवसाउजेडी सगळी हातातून सोडवून बघा. कुठे वायर सोललेली, कुठे सांधा सुटलेला, कुठे उंदराने कुरतडलेली. सांध्यावर चिकटपट्टी लावून काम भागवू नका, इन्सुलेशन टेपच लागते. एकाला दुसरी, दुसरीला तिसरी अशा माळा जोडत नेऊ नका. वायर दाराच्या फटीतून आणि सतरंजीखालून नेऊ नका. गॅलरीच्या लोखंडी ग्रिलला माळ खिळ्याने ठोकू नका. आणि आणखी एक नवीन पाहुणा आहे, विजेवरची दुचाकी. तिची बॅटरी वर घरात आणून रात्रभर दाराशी चार्जिंगला लावतात. बाहेर पडायचा रस्ता एकच, आणि त्याच रस्त्यावर ती बॅटरी. जागेपणी चार्ज करा, तिच्याबरोबर आलेल्याच चार्जरने करा, आणि दारापासून लांब ठेवा.

तिसरी जागा म्हणजे दिवे, मेणबत्त्या आणि गोठा. इथे मी आपल्याच बी विंगमधली एक गोष्ट सांगतो. त्या कुटुंबाची परवानगी घेतली आहे, ते आज समोर बसलेही आहेत. काही वर्षांपूर्वी चोवीस डिसेंबरच्या रात्री घरातली सगळी मंडळी मध्यरात्रीच्या मिस्साला गेली. गोठा सुंदर सजवलेला, खाली पेंढा, वर माळ. बाळ येशूचा गोठा अंधारात कसा ठेवायचा, म्हणून माळ चालू ठेवली. भावना आपण सगळेच समजू शकतो. आपणही गणपतीपुढची समई तशीच ठेवून आरतीला शेजारी जातोच की. कॅरल गाऊन परत येणाऱ्या दोन मुलांना दाराखालून धूर दिसला. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एकाने समोरच्या आजींची बेल वाजवली, कारण त्या घराची दुसरी किल्ली आजींकडे असायची. दुसरा खाली पळाला आणि वॉचमनकडून मीटरखोलीतून त्या घराची वीज बंद करवली. दार उघडायच्या आधी त्यांनी हाताच्या पाठीने ते तापलंय का बघितलं. पेंढा नुसता धुमसत होता. दोन बादल्या पाण्यात काम भागलं. एक पडदा आणि टेबलाची एक बाजू गेली, एवढंच.

या गोष्टीत वाचवलं कोणी? ती मुलं हुशार, हे खरंच. पण त्याआधी वाचवलं ते आजींकडच्या किल्लीने. दोन किल्ल्यांची पद्धत बघा कशी उपयोगी पडते! आणि पाणी ओतलं ते वीज बंद झाल्यावर, हेही लक्षात घ्या. चालू विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नसतं. त्या वर्षापासून त्या घरात एक नियम आहे. मिस्साला निघताना घरातला सर्वांत धाकटा मुलगा फिरतो आणि म्हणतो, "माळ बंद, मेणबत्ती शांत, गॅस बंद." मग कुलूप लागतं. बाळ येशूला काही राग येत नाही.

पणती-मेणबत्तीचं साधं गणित. पडद्यापासून, कागदी कंदिलापासून, पेंढ्यापासून हातभर लांब. खाली धातूची ताटली किंवा वाळू घातलेलं ताट. वारा येणाऱ्या खिडकीत नाही. आणि मुलांच्या जाळीदार फ्रॉकच्या, ओढणीच्या, पदराच्या वाटेत नाही. कृत्रिम धाग्याचं कापड जळताना वितळतं आणि अंगाला चिकटतं. कपड्याने पेट घेतलाच, तर बाळांनो, तुम्ही ऐका हं. पळायचं नाही, पळालं की वाऱ्याने आग वाढते. थांबायचं, तोंडावर हात घेऊन जमिनीवर पडायचं आणि गडबडा लोळायचं. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट नाही, बर्फ नाही, हळद नाही. मग डॉक्टर.

माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्याकडे मी एका नाताळात होतो. तिकडे पुष्कळ घरांत खऱ्या झाडाचा ख्रिसमस ट्री आणतात. त्याचं खोड पाण्यात ठेवतात, आणि रोज पाणी घालतात. ते झाड सुकलं आणि त्याला ठिणगी लागली, तर ते पाहता पाहता भडकतं. पूर्वी युरोप-अमेरिकेत अशा झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावायचे, आणि शेजारी पाण्याची बादली भरून ठेवायचे! मग १८८२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरच्या झाडाला विजेचे ८० दिवे लावले आणि तिथून माळांची पद्धत पसरली. तरीही मेणबत्तीने लागणाऱ्या आगी तिकडे आजही नाताळच्याच दिवसांत सर्वांत जास्त असतात. सुधारलेल्या देशातही सण आला की विस्तवाची राखण ढिली पडते, हे त्यातून कळतं.

मुलीच्या घरात छताला एक पांढरी वाटीसारखी वस्तू होती. मी पहिल्या दिवशी मोहरीची फोडणी दिली आणि ती किंचाळायला लागली. धुराचा इशारा देणारं यंत्र. जावईबापू टॉवेल घेऊन तिला वारा घालायला धावले. मला हसू आलं, पण रात्री अंथरुणात विचार आला की हे यंत्र झोपत नाही. आपण सगळे झोपतो. बॅटरीवर चालणारी ही यंत्रं आता आपल्याकडेही मिळतात. रौप्यमहोत्सवानिमित्त एकमेकांना भेट द्यायची तर चांदीच्या नाण्यापेक्षा मी हे देईन.

कारण घरच्या आगीत माणसाला ज्वाळेच्या आधी धूर गाठतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्याला तो जागा होऊ देत नाही. २९ डिसेंबर २०१७ ची मुंबईतली कमला मिल्सची आग आपल्याला आठवत असेल. नववर्षाच्या तोंडावर लोक मौजेसाठी गेले होते. १४ जण गेले. त्यांतले कितीतरी जण आसऱ्यासाठी स्वच्छतागृहात शिरले होते आणि तिथे गुदमरले. बंद खोली सुरक्षित वाटते, पण जिथून बाहेर पडायला किंवा खिडकीतून श्वास घ्यायला वाट नाही, तिथे धूर आपल्याआधी पोचतो.

याच्या उलट उदाहरण परळच्या क्रिस्टल टॉवरचं. २२ ऑगस्ट २०१८ ला तिथे आग लागली, चार जणांचा जीव गेला. पण वरच्या मजल्यावर दहा वर्षांच्या एका मुलीने घरच्यांना आणि शेजाऱ्यांना कापडं ओली करून नाका-तोंडाला लावायला सांगितलं. शाळेत शिकलेलं तिला वेळेवर आठवलं. तिला पुढे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. म्हणून मी बाळगोपाळांना पुढे बसवायला सांगितलं होतं. मोठी माणसं सवयीने विसरतात, मुलं लक्षात ठेवतात.

तेव्हा धूर दिसला तर हे पाठ करा. खाली वाकून, शक्य तर रांगत बाहेर पडायचं, कारण जमिनीजवळ हवा बरी असते. निघताना दार ओढून घ्यायचं, कुलूप न लावता. बंद दार आगीला बराच वेळ अडवतं. लिफ्ट नाही, जिनाच. बाहेर आल्यावर दागिन्यांसाठी परत आत नाही. जिन्यातच धूर भरला असेल तर घरात राहायचं, दाराच्या फटीत ओली कापडं कोंबायची, आणि खिडकीशी येऊन हाक मारायची. अग्निशमन दल १०१, नाहीतर ११२. ज्यांनी खिडक्यांना संपूर्ण बंद ग्रिल बसवली आहे त्यांनी निदान एका ग्रिलला आतून उघडणारं दार करून घ्यावं. चोराला बाहेर ठेवणाऱ्या पिंजऱ्यात आपणच अडकायला नको.

इथपर्यंत आपापल्या घराचं झालं. आता आपल्या सगळ्यांच्या सामाईक घराबद्दल, म्हणजे या इमारतीबद्दल बोलतो. माझं बोलणं कोणाला थोडं टोचेल, पण पंचवीस वर्षांची सोबत आहे, रागावणार नाही अशी खात्री आहे.

६ ऑक्टोबर २०२३ ला गोरेगावात पहाटेच्या वेळी एका इमारतीला आग लागली. तिची सुरुवात वर कोणाच्या स्वयंपाकघरात नव्हती, खाली पार्किंगमध्ये होती. तिथे जुन्या कपड्यांचे गठ्ठे ठेवलेले होते. ते पेटले, गाड्या पेटल्या, आणि धूर जिन्यावाटे वर गेला. किमान सात माणसं गेली. आता आपल्या सी विंगच्या जिन्याखाली काय आहे ते घरी जाताना बघून जा. जुनी गादी, दोन मोडकी कपाटं, रंगाचे डबे आणि वर्तमानपत्रांची रद्दी. ती कोणाची आहे हे मी विचारत नाही. पुढच्या रविवारपर्यंत ती तिथे नसावी, एवढंच म्हणतो. प्रत्येक मजल्यावर दाराबाहेर चपलांचं कपाट, सायकल, कुंड्या आहेत. दिवसा ते शोभून दिसतं. रात्री दिवे गेलेले, धूर भरलेला आणि ऐंशी वर्षांच्या आजींना धरून उतरायचं, असा विचार करून बघा.

महाराष्ट्राचा अग्निप्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ चा आहे. त्याप्रमाणे इमारतीतली आग विझवण्याची साधनं चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची, भोगवटादाराची, म्हणजे आपल्यासारख्या संस्थेची. दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून तसं प्रमाणपत्र, त्याला 'फॉर्म बी' म्हणतात, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचं असतं. महिनाभरात जानेवारी येतो आहे. माझी विनंती आहे की या वेळचं प्रमाणपत्र सूचना फलकावर लावावं, म्हणजे प्रत्येक सभासदाला ते वाचता येईल. ताळेबंद लावतो ना, तसाच हाही.

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत फायर पंप दुरुस्त करणं आणि होज बदलणं हा विषय आला होता. रंगकाम आधी, हे नंतर, असं ठरलं. त्यामागे कारणं होती, गच्चीची गळती होती, पैसे मर्यादित होते. मी कोणाला दोष देत नाही. पण रंग झाला, गळती थांबली, आणि आज रौप्यमहोत्सवी निधीत कार्यक्रमाचा खर्च जाऊन काही रक्कम उरणार आहे असं खजिनदारांनी सांगितलं. त्या रकमेतून प्रवेशद्वारावर संगमरवरी कमान करावी अशी एक सूचना आहे. कमान छान दिसेल. पण त्या कमानीतून बंब आत आला आणि जवानांनी नळ सोडला तेव्हा पाणीच आलं नाही, तर त्या कमानीकडे आपण कोणत्या तोंडाने बघणार? माझी सूचना अशी की ही उरलेली रक्कम आधी पंप आणि होजसाठी वापरावी. कमान सुवर्णमहोत्सवाला करू. मी तेव्हा नसेन, तुम्ही माझ्या वतीने फीत कापा.

बंबावरून आठवलं. सुट्टीच्या दिवसांत पाहुण्यांच्या गाड्या गेटपासून आतपर्यंत लागतात. बंब वळायला जागा राहत नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, तेव्हा आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. आपल्यासाठी जीव द्यायला तयार असलेल्या माणसांना निदान गेटमधून आत येऊ देऊ. पाहुण्यांची गाडी बाहेर मैदानात, आणि आतला रस्ता मोकळा. येत्या १४ एप्रिलच्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून एकदा जिन्याने खाली उतरायचा सराव करू. प्रत्येक विंगमधल्या दोघांनी आग विझवण्याचं सिलिंडर हाताळायला शिकून घ्यायचं. पिन ओढायची, नळीचं तोंड ज्वाळेकडे नाही तर तिच्या बुडाशी धरायचं, दांडा दाबायचा आणि डावीकडून उजवीकडे फिरवायचं. आणि पाठीशी नेहमी बाहेरची वाट ठेवायची.

एक वाक्य विम्याबद्दल, नाहीतर बँकवाला कसला! घराचा आगीचा विमा फार स्वस्त असतो आणि फार थोडे लोक तो घेतात. एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. विमा घराच्या बाजारभावाचा नसतो, बांधकाम पुन्हा उभं करण्याच्या खर्चाचा असतो, म्हणून हप्ता आपल्याला वाटतो त्यापेक्षा कमी येतो. कर्ज फिटलं की पुष्कळ जण विमाही सोडून देतात. कर्ज बँकेचं होतं, पण घर तुमचं आहे.

शेवटी पुन्हा बँक. आमच्याकडे दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. दोन रुपयांचा फरक असला तरी थांबायचं. तसंच या सुट्टीत रोज रात्री झोपण्याआधी प्रत्येक घरात एकाने विस्तव जुळवायचा. गॅस, दिवा, मेणबत्ती, माळ, किटली, चार्जर. सहा गोष्टी, दोन मिनिटं. हे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाला द्या. तो ते आनंदाने करेल, आणि तुम्हाला विसरू देणार नाही.

रद्दी रविवारपर्यंत, फॉर्म बी जानेवारीत, पंप-होजचा ठराव पुढच्या समिती बैठकीत, आणि शेजाऱ्याकडे एक किल्ली आजच. सचिवसाहेब, उपयोगाचं बोललो का ते तुम्हीच सांगा. वीस मिनिटांच्या वर गेलो असेन तर तेवढं व्याज समजा.

सर्वांना नाताळच्या आणि नववर्षाच्या शुभेच्छा. घरोघरी दिवे लागोत, आणि प्रत्येक दिव्यापाशी कोणीतरी असो.